गेम लावला की पीसी आपोआप रिस्टार्ट व्हायलाय, ग्राफिक कार्ड गेलं का?

सेलूचा_गडी

राम राम मंडळी. पंधरा दिवस झाले डोक्याला ताप झालाय म्हणून इथं टाकायलोय. पीसीवर मोठा गेम लावला की दहा-पंधरा मिनिटांत फटकन स्क्रीन काळी होते अन् पीसी आपोआप परत चालू होतो. निळी स्क्रीन नाही, एरर नाही, हँग नाही, मागून कुणी बटन दाबल्यावानी. पंखे एक सेकंद थांबतात, परत फुर्र करून फिरतात अन् विंडोज सुरू, जसं काही झालंच नाही. बाकी वेळेला एकदम ठणठणीत, दिवसभर एक्सेल चालतं, यूट्यूब चालतं, रात्रभर डाउनलोड लावून झोपलो तरी सकाळी चालूच असतो. व्हॅलोरंट पण चालतो. जीटीए फाइव्ह एखाद्या वेळेस दम धरतो, पण सायबरपंक लावला की गेलाच.

मशीन असं आहे, प्रोसेसर आय फाइव्ह १२४००एफ, रॅम १६ जीबी (८ च्या दोन काड्या), आधी ग्राफिक कार्ड जीटीएक्स १६५० होतं तवा दोन वर्षं एकदाही असं झालं नाही. दिवाळीत ओळखीच्या पोराकडून आरटीएक्स ३०६० घेतलं, १२ जीबीवालं, सेकंडहँड. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटसोबतच आलता, त्यावर ४५० वॅट लिहिलंय. सगळं ६०० व्हीएच्या यूपीएसवर आहे.

आतापर्यंत काय केलं तर ड्रायव्हर काढून परत टाकले, दोनदा फॉरमॅट मारला, गावातल्या कॉम्प्युटरवाल्यानं रॅम खोडरबरनं पुसून दिली अन् तीनशे रुपये घेतले. त्याच्या दुकानात अर्धा तास मस्त चालला, पण त्यानं गेम नाही, गाणे लावले होते. घरी आणला की पहिल्याच मिशनला रिस्टार्ट. आमच्या पप्पांचं म्हणणं, त्या डब्याला तुझ्यापेक्षा जास्त अक्कल आहे, परीक्षा जवळ आली हे त्याला कळायलंय. कार्ड खराब निघालं तर माझे सोळा हजार पाण्यात. कुणाला असं झालंय का?

कोरडवाहू

गरम होत असल बाबा. थर्मल पेस्ट बदल, पंख्यातली धूळ काढ, साईडचं पत्रं उघडं ठेव. माझा पण असाच बंद पडायचा.

सेलूचा_गडी

@कोरडवाहू पत्रं तर आठ दिवसापासून उघडंच आहे दादा. अन् इथं सध्या सकाळी शेकोटी करायची वेळ आलीय, रूम गारठलेली असते.

फॉरमॅट_मारा

पायरेटेड गेम असल. व्हायरस. विंडोज टेन टाक, इलेव्हनमध्ये लई लफडे आहेत.

गोदाकाठ_नांदेड

फॉरमॅट दोनदा मारून झालाय म्हणायलाय तो, पोस्ट तरी वाचत जावा.

भाऊ, तुझ्या पोस्टमधी अर्धं उत्तर तूच लिहिलंस. १६५० वर दोन वर्षं काही नाही, ३०६० टाकलं अन् चालू झालं. म्हणून सगळे कार्डावर शंका घेतील, पण मला आधी एसएमपीएसवर शंका येते. दोन कार्डांच्या भुकेत किती फरक आहे बघ. साध्या १६५० ची कमाल ७५ वॅट, तेवढं ते मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच ओढून घेतं, वेगळी वायर पण लागत नाही. ३०६० ला १७० वॅट लागतात अन् एनव्हिडियानंच त्याला ५५० वॅटचा एसएमपीएस सांगितलाय. तुझा १२४००एफ बॉक्सवर ६५ वॅटचा असला तरी टर्बोला गेला की ११७ पर्यंत जातो. कार्ड १७० अन् प्रोसेसर ११७ म्हणजे २८७, त्यात बोर्ड, एसएसडी, पंखे धर. शिवाय असले कार्ड काही मिलिसेकंदापुरते आपल्या आकड्याच्या कितीतरी वर उसळी मारतात, ती उसळी कुठल्याच सॉफ्टवेअरमधी दिसत नाही, पण एसएमपीएसला ती दिसते.

आता तू म्हणशील ४५० तर भरपूर झाले. तर एक काम कर, एसएमपीएसच्या बाजूला स्टिकर असतंय, त्याच्यावरच्या मोठ्या ४५० कडं बघू नको. खाली बारीक अक्षरात चौकटी असतात, ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट. १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलंय ते सांग. प्रोसेसर अन् कार्ड दोघंही जवळपास सगळं १२ व्होल्टवरच जेवतात. बाकीच्या चौकटीतले आकडे जोडून टोटल मोठी दाखवायची पद्धत आहे, म्हणजे पंगत दोनशेची अन् पत्रिकेवर सहकुटुंब सहपरिवार.

अन् कार्डाला ८ पिनची वायर एसएमपीएसमधून सरळ आलीय का मधी काही जोड आहे, त्याचा फोटो टाक.

मिक्सिंगवाली_अंबाजोगाई

आमच्या स्टुडिओत हुबेहूब हेच झालं होतं, लग्नाचे व्हिडिओ मिक्सिंग करतो आम्ही. एडिटिंग करताना काही नाही, रेंडर लावलं की ८० टक्क्याला पीसी रिस्टार्ट, अन् पार्टी दारात बसलेली. आम्ही मूर्खासारखं आधी रॅम बदलली, मग एसएसडी.

भाऊ, खर्चाच्या आधी दोन फुकटच्या गोष्टी करून बघा. पहिली, ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंगमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरी म्हणून आहे, तिथली ऑटोमॅटिकली रिस्टार्टवरची टिक काढा. विंडोजच क्रॅश होत असेल तर आता निळी स्क्रीन थांबून राहील आणि कोड वाचता येईल. टिक काढूनही तसाच फटकन रिस्टार्ट झाला तर समजायचं की विंडोजला काही कळायच्या आत करंट तुटतोय. दुसरी, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉग उघडा. कर्नेल पॉवर ४१ दिसेल, ते बघून घाबरू नका, त्याचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी पीसी नीट बंद झाला नव्हता. ४१ हे कारण नाही, तो नुसता पंचनामा आहे. त्याच्या डिटेल्समध्ये बगचेक कोड (निळ्या स्क्रीनचा कोड) शून्य आहे का बघा, आणि आजूबाजूला डब्ल्यूएचईए लॉगर नावाची एंट्री आहे का ते पण. ती असेल तर प्रोसेसर, बोर्ड, रॅम यांच्याकडे बघावं लागेल.

सेलूचा_गडी

सगळं करून बसलोय, रात्रीचे साडेअकरा झालेत. टिक काढली, तरी तसाच फटकन रिस्टार्ट. कर्नेल पॉवर ४१ च्या सतरा एंट्र्या सापडल्या, सगळ्यात बगचेक कोड शून्य. डब्ल्यूएचईए एकपण नाही. शिवाय एचडब्ल्यूइन्फो (तापमान वगैरे दाखवणारं सॉफ्टवेअर) पण लावला अन् लॉग फाईलमधी घेतला, रिस्टार्टच्या आधीच्या शेवटच्या ओळीत प्रोसेसर ७१ डिग्री अन् कार्ड ६८, म्हणजे गरमचा विषय नाहीच.

आता स्टिकर. टॉर्च घेऊन वाचलं. १२ व्होल्टच्या खाली २० ए लिहिलंय, बस. ५ व्होल्टला ३० अन् ३.३ ला २८ लिहिलंय.

अन् गोदाकाठ भाऊ, तुम्ही विचारलं ती वायर. सरळ आलेली नाही. ह्या एसएमपीएसला ८ पिन नव्हतीच, तर कार्डासोबत पोरानं एक अडॅप्टर दिलता, एकीकडं ८ पिन अन् दुसरीकडं दोन मोलेक्सचे (जुन्या पद्धतीच्या ४ पिनच्या जोडाचे) डोके, ते दोन्ही लावलेत. फोटो काढायला म्हणून ते ओढलं तर निघंना, हलवून हलवून काढलं तर एका डोक्याचं पांढरं प्लास्टिक पिवळ्या वायरीजवळ तपकिरी झालंय, पापड जास्त भाजल्यावर कडंला होतो तसं. वास पण यायलाय, जळक्या फ्यूजसारखा. नाकाजवळ नेईपर्यंत मला घरात असा वास कवाच आला नव्हता.

गोदाकाठ_नांदेड

थांब. आता पीसी चालू करू नको. करायचाच असला तर ३०६० काढून ठेव अन् जुनं १६५० असल तर ते लाव (तुझ्या एफवाल्या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक नाही).

१२ गुणिले २० म्हणजे २४०. तुझा ४५० वॅटचा एसएमपीएस १२ व्होल्टवर २४० वॅटचा आहे, ते पण स्टिकरवर विश्वास ठेवला तर. अन् तुझी गरज नुसती कार्ड-प्रोसेसरची २८७. व्हॅलोरंटला कार्ड अर्ध्या ताकदीवर चालतं म्हणून निभावलं. सायबरपंकला दोघंही पूर्ण जोर लावतात.

आता रिस्टार्टच का होतो, बंद का पडत नाही, हे पण सांगतो कारण हे लई कमी लोकांना माहीत असतं. एसएमपीएसमधून बोर्डाकडं एक राखाडी वायर जाते, तिच्यावर ५ व्होल्टचा सिग्नल असतो, पॉवर गुड म्हणतात. मतलब सगळे व्होल्टेज ठीक आहेत, चालू दे. लोड आला, १२ चं व्होल्टेज खाली बसलं की तो सिग्नल पडतो अन् बोर्ड त्याच क्षणी सगळं रिसेट करतं. रिसेट झाल्यावर लोडच गेला, व्होल्टेज परत वर आलं, सिग्नल परत आला, पीसी परत चालू. म्हणून तुला वाटतं कुणी बटन दाबलं. एसएमपीएसचं ओव्हरलोड प्रोटेक्शन नीट उडालं असतं तर बहुतेक वेळा पीसी बंद पडून राहिला असता अन् मागचा खटका बंद-चालू करेपर्यंत उठलाच नसता.

मोलेक्सचं ताई किंवा इलेक्ट्रिकवाला कुणी सांगा, मी जेवायला चाललो.

मांजराकाठ_वायरमन

आलो. लातूरचा, आयटीआय इलेक्ट्रिशियन, कॉम्प्युटरमधलं मला फार कळत नाही पण वायर कळते.

८ पिनमधून कार्ड १५० वॅटपर्यंत ओढू शकतं. १२ नी भागा, साडेबारा अँपिअर. आता तुम्ही दोन मोलेक्स लावले म्हणजे करंट दोघात वाटला गेला असं वाटतं, पण दोन्ही डोके एकाच माळेवरचे होते का बघा, एकामागं एक ओवलेले? असले तर एसएमपीएसपासून पहिल्या डोक्यापर्यंत वायर एकच आहे अन् सगळा करंट त्या एका पिवळ्या वायरीतून यायलाय. घरातली मोटार एका बारक्या वायरीवर चालवल्यासारखं आहे हे. त्यात मोलेक्सची पिन गोल, खेळती, जरा सैल झाली की तिथं उष्णता, उष्णतेनं आणखी सैल, मग आणखी उष्णता. प्लास्टिक तपकिरी होतं ते असंच. तुमचं नशीब की रिस्टार्ट व्हायलाय, नाही तर एसएमपीएसनं निमूट करंट दिला असता अन् वायरीनं पेट घेतला असता.

एसएमपीएस उघडायचा नाही. प्लग काढला तरी आतले कपॅसिटर भरलेले राहतात, झटका बसतो.

सेलूचा_गडी

हो, एकाच माळेवरचे आहेत. मायला. आईला दाखवलं तर ती म्हणली घर जाळतो का.

१६५० लावून टाकलंय. मग नवीन एसएमपीएस कितीचा घेऊ, ५५० का ६५०? इथला दुकानवाला म्हणायलाय की त्याच्याकडं ६०० वॅटचा आहे बाराशे रुपयाला.

गोदाकाठ_नांदेड

बाराशेत ६०० वॅट मिळत असते तर आम्ही काय येडे आहोत का. तोच २० ए वाला, वर स्टिकर नवीन. चांगल्या कंपनीचा ५५० घे, १२ व्होल्टला ४० अँपिअरच्या वर लिहिलेलं असावं, ८ पिनची वायर त्याचीच असावी, वॉरंटी पाच वर्षांची मिळाली तर उत्तम. पुढं मोठं कार्ड टाकायचं असल तर ६५० घे, फरक हजारभराचा पडतो. ८० प्लस ब्राँझ लिहिलेलं बघ पण नुसतं त्याच्यावर जाऊ नको, ते प्रमाणपत्र वीज किती वाया जाते त्याचं आहे, माल किती टिकतो त्याचं नाही.

मिक्सिंगवाली_अंबाजोगाई

आणि नवीन घ्यायच्या आधी कुणाचा तरी मागून आणून लावून बघता आला तर बघा, म्हणजे कार्ड चांगलं आहे की नाही ते पण कळेल. आमच्याकडे एसएमपीएस बदलल्यावर एकही रेंडर तुटलं नाही, पण कुणाचं कार्डही बिघडलेलं असू शकतं.

सेलूचा_गडी

अपडेट द्यायलोय, आठ दिवस झाले.

मानवतला मावसभावाकडं ६५० चा आहे, तो मोटारसायकलवर मांडीत धरून आणला. लावला, ८ पिन सरळ त्याचीच. दुपारी सायबरपंक तीन तास, एकदा पण नाही. कार्ड चांगलं आहे!!! मग मी संभाजीनगरला रेल्वेनं जाऊन स्वतःचा ५५० घेऊन आलो, साडेचार हजाराला पडला. दोन दिवस मजेत गेले.

अन् काल संध्याकाळी साडेसातला परत रिस्टार्ट. आज पण त्याच टायमाला. माझं रडायचं बाकी राहिलंय. फरक एवढाच की आता रिस्टार्टच्या आधी यूपीएसमधून टक्क आवाज येतो अन् एकदा टीं करतो.

मांजराकाठ_वायरमन

घर गावात आहे का शेताकडं? अन् शेजारी कुणाच्या मोटारी चालू असतात का त्या टायमाला?

सेलूचा_गडी

गावाच्या कडंला, पलीकडं शेतच आहेत. गव्हाला-हरभऱ्याला पाणी चालू आहे सध्या, अन् आमच्या डीपीवरच (ट्रान्सफॉर्मरवरच) त्यांच्या मोटारी आहेत. संध्याकाळी बल्ब पण लाल होतात खरं.

मांजराकाठ_वायरमन

मग हा दुसराच रोग आहे, पहिल्याच्या मागं लपलेला होता. मोटार चालू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, तेवढ्या वेळ डीपीवरच्या सगळ्यांचं व्होल्टेज खाली बसतं. यूपीएसला वाटतं लाईट गेली, तो टक्क करून बॅटरीवर जातो. ६०० व्हीए म्हणजे बहुतेक करून ३६० वॅट, मागं लिहिलेलं असतं. आता हिशोब करा, पीसीला आतून सव्वातीनशे-साडेतीनशे लागले तर भिंतीतून त्याच्यापेक्षा जास्त ओढतो कारण एसएमपीएस काही वाया घालवतो, वर मॉनिटर. चारशेच्या पुढं गेलं. लाईट आहे तोवर यूपीएस नुसता पुढं ढकलतो, बॅटरीवर गेला की त्याला झेपत नाही, क्षणभर हात सोडतो. तेवढं पीसीला पुरतं.

मल्टीमीटर आहे का? संध्याकाळी साडेसातला सॉकेटमधी किती दाखवतो बघा, जपून. चाचणी म्हणून पीसी एक दिवस यूपीएस सोडून सरळ भिंतीला लावा.

सेलूचा_गडी

१६८!! दुपारी २२६ होतं. सरळ भिंतीला लावला, साडेसात ते नऊ खेळलो, मधी बल्ब दोनदा डोळा मिटल्यावानी झाले, पीसी हलला पण नाही. १६८ वर कसं काय चालला?

गोदाकाठ_नांदेड

नवीन एसएमपीएसच्या स्टिकरवर इनपुट बघ, १०० ते २४० लिहिलेलं असल. त्याला १६८ म्हणजे काहीच नाही, फक्त करंट जास्त ओढतो. घाबरायचा तो यूपीएस घाबरायला होता.

फक्त भिंतीला लावून कायम ठेवू नको, खरी लाईट गेली की सेव्ह राहील तिथंच. गेमपुरतं ठीक, कॉलेजच्या कामाला यूपीएसवर. नाही तर पुढं पैसे आले की १००० व्हीए, ६०० वॅटवाला घे. साईन वेव्ह लिहिलेला मिळाला तर चांगलं, आताच्या काही एसएमपीएसला स्वस्त यूपीएसचा चौकोनी करंट मानवत नाही.

कोरडवाहू

मी म्हणलो होतो गरम होतंय. वायर गरम होत होती ना शेवटी.

मिक्सिंगवाली_अंबाजोगाई

😂 द्या त्यांना पण मार्क. एवढं करताय तर धूळ पण काढून घ्या, तुरीची मळणी चालू आहे सगळीकडे, तो भुसा लई बारीक असतो. ब्लोअर मारताना पंख्यात पेन अडकवून पंखा धरून ठेवा, मोकळा भिंगरीसारखा फिरू देऊ नका.

सेलूचा_गडी

मारला ताई, अंगणात नेऊन. पुढच्या जाळीतून कापसाचा चक्क एक पेळू निघाला, शेजारी जिनिंग आहे आमच्या.

सगळ्यांचे लई लई आभार. सध्या गेमला भिंतीवर अन् बाकी यूपीएसवर असं चालू केलंय, पाच दिवस झाले, एकपण रिस्टार्ट नाही, इव्हेंट व्ह्यूअरमधी नवीन ४१ नाही. पप्पा म्हणले आता कारण काय सांगणार परीक्षेला.

बोरीचा_बाळू

जुना ४५० वाला एसएमपीएस विकायचा आहे का? आमच्या पोराच्या साध्या पीसीला लागतोय, ग्राफिक कार्ड नाही काही.

सेलूचा_गडी

नको दादा, त्याची एक माळ भाजलेली आहे, तुम्हाला कशाला देऊ. अन् तो अडॅप्टर मी कात्रीनं मधून कापून टाकलाय, न जाणो घरात कुणी परत लावल.